फौजेची झडती

पोलिसांना कुणाच्या घराची झडती घ्यायची असेल तर त्यांनी आधी स्वतःची झडती द्यायची, असा नियम आहे. उंबऱ्याबाहेर हात वर करून ते उभे राहतात आणि पंचानं त्यांचे खिसे, कमर, पागोटं चाचपून पाहायचं असतं. बाहेरून काही नेऊन आत ठेवलं असं उद्या कुणी म्हणू नये, एवढाच त्याचा हेतू. आमच्या गावात मी चार वेळा पंच झालो. हौस नव्हती. धान्य मापताना मी शीग ठेवत नाही आणि माप तुटूही देत नाही, ही माझी ख्याती. पाटलाला असा माणूस सोयीचा वाटत असावा.

त्या वर्षी कपिलधारची कार्तिकातली यात्रा करून परतणाऱ्या दोन गाड्या मांजरसुंब्याच्या घाटात लुटल्या गेल्या. बायकांच्या अंगावरचं चांदीसोनं गेलं. बीडच्या ठाण्यात माणसं अपुरी होती, म्हणून ठाण्याच्या अमलदारानं, म्हणजे अमीनसाहेबांनी, फौजेतली काही मागून घेतली आणि घाटाजवळची गावं एकेक करून चाळायला सुरुवात केली. आमच्या गावात ते सकाळी आले. पाच पोलीस आणि सहा फौजेचे. सगळ्यांच्या अंगात खाकीच. फरक होता तो कमरपट्ट्याचा आणि फौजेकडच्या बंदुकांचा. पोलिसांनी चावडीवर पाणी मागितलं. फौजेच्या माणसांनी घागर उचलून नेली.

पाटलाला संशयाची घरं दाखवायला सांगितलं होतं. त्यानं दाखवली. शेवटचं घर पिंजाऱ्याचं, माझ्या घराला भिंत लागून. पिंजारी हंगामात गावोगाव फिरून लोकांचा कापूस पिंजून द्यायचा, गाद्या भरायचा. यात्रेच्या दिवशी तो घाटाच्या वाटेनं परत आला होता. एवढं कारण पुरलं. त्याची बायको आमच्या घरी येऊन बसली. माझ्या बायकोनं तिला बसायला घोंगडं दिलं.

मी पाचही पोलिसांच्या कमरा चाचपल्या. एकाकडे पानाची चंची निघाली, एकाच्या पागोट्यात ताईत. मग फौजेकडे वळलो. पहिलाच उंच माणूस होता, दाढीला मेंदी लावलेला. त्यानं हात वर केले नाहीत.

"फौज तलाशी लेती, देती नईं," तो म्हणाला.

मी अमीनसाहेबांना नियम सांगितला. ते म्हणाले, नियम पोलिसांना आहे आणि ही माणसं पोलिसांतली नाहीत. मग त्यांना बाहेर ठेवा, असं मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले की ही माणसं आजच्यापुरती पोलिसांच्या कामावर आहेत, तेव्हा आत येणारच. दोन्ही गोष्टी त्यांनी एका दमात सांगितल्या. त्यांना त्यात अडचण दिसली नाही. पाटील माझ्या मागे उभा होता.

"कावून फाटे फोडायलास बे?" तो म्हणाला. "दिस मावळंस्तोर हितंच उभं ऱ्हायचं हाय का?"

बंदुका भिंतीला टेकवून सगळे आत शिरले. दुसरा पंच तेली होता. तो ओट्यावरच बसला. मी आत गेलो.

घरात गावातल्या लोकांची कापसाची गाठोडी होती. त्यातलं अडीच शेरांचं माझं. त्यांनी गाठोडी सोडली, उपसली, विस्कटली. पिंजाऱ्याला कोपऱ्यात बसवलं होतं. तो तिथून सांगत राहिला, "साहेब, ह्यो पिंजलेला हाय, त्यो बिनपिंजलेला. येगळा ठिवा." एक पोलीस हसून म्हणाला, "थांब की, सगळाच पिंजून देतो तुला." थोड्याच वेळात घरात समोरचं दिसेना. डोकी, मिशा, कोट, पट्टे सगळं पांढरं झालं. कोण पोलीस आणि कोण फौजेचा, ते दारातून बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

मग ढिगातून एक हात वर आला आणि त्या हातात चांदीचा तोडा होता.

तो तोडा कापसात आधीपासून होता की त्या हाताबरोबर आत गेला, हे मी पाहिलं नाही. मला तेव्हा विचारलं असतं तर तेवढंच सांगितलं असतं, आजही तेवढंच सांगतो. पिंजाऱ्यानं तोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला त्या वेळी काही वाटलं नाही. नाकात कापूस गेला होता आणि शिंक येत नव्हती, ते आठवतं.

अमीनसाहेबांनी सोबत आणलेल्या मुन्शीला पंचनाम्यात लिहायला सांगितलं, पोलीस जवानानं ढिगातून तोडा काढला.

"साहेब, ह्यो पोलिसातला न्हाई," मी म्हणालो.

"कशावरून?"

"पोलिसातल्या पाचांच्या कमरेला माझा हात लागलाय. ह्याच्या न्हाई लागला."

अमीनसाहेबांनी त्या माणसाच्या अंगावरचा कापूस झटकायला लावला. मेंदीची दाढी दिसली. मग ते त्याला बाजूला नेऊन काही बोलले आणि मला म्हणाले की आता घ्या त्याची झडती. या वेळी त्यानं हात वर केले. त्याच्याकडे चिलीम होती, चकमक होती, दुसरं काही नव्हतं.

"झालं समाधान?" अमीनसाहेबांनी विचारलं.

मी म्हणालो, झडती आधी असते. आधी काय झालं आणि नंतर काय, ते त्याच क्रमानं लिहा. मुन्शीनं अमीनसाहेबांकडे पाहिलं. त्यांना पुढचं गाव गाठायचं होतं, लिही म्हणाले. पंचनामा उर्दूत होता, मला वाचता येत नव्हता. मी तो मुन्शीकडून दोनदा वाचवून घेतला, मग सही केली. पिंजाऱ्याचे हात बांधून त्याला बीडला नेलं.

तोडा काढणाऱ्याची झडती आधी नाही, नंतर झाली, ही माझी ओळ अदालतीत अडकली. तोडा काढणारा माणूस हजर करा, असा हुकूम झाला. ठाण्यानं कळवलं, तो फौजेचा, आमच्या हाताखाली नाही. फौजेनं कळवलं, त्या दिवशी तो पोलिसांना दिलेला होता, पोलिसांना विचारा, आणि वरून हुकूम आल्याशिवाय फौजेचा माणूस अदालतीत उभा राहत नाही. मी सुनावणीच्या दोन पेश्यांना बीडला गेलो. दोन्ही वेळा पुढची तारीख पडली. लुटल्या गेलेल्या बाईला तोडा दाखवला तेव्हा ती माझ्या तोड्यासारखा आहे म्हणाली. माझाच आहे असं म्हणाली नाही. पण तिच्या बोलण्याचा विचार व्हायचा तर खटला उभा राहायला हवा, आणि त्या दिवशी तो माणूस कोण होता हे ठरल्याशिवाय खटला उभा राहीना. पिंजारी हवालातीत बसून होता. सजा झाली नव्हती, सुटकाही नव्हती.

इकडे त्याच्या बायकोकडे लोक कापूस मागायला येऊ लागले. ढीग एक झालेला, कुणाचा कोणता ते कळायला मार्ग नव्हता. तिनं मला बोलावलं. मी तागडी नेली आणि ज्यानं जेवढा दिला म्हणून सांगितलं तेवढा तोलून दिला. सगळ्यांचं सांगणं खरं धरलं तर शेवटी चार शेर कमी पडला. माझा मी सोडला, तरी दीड शेराची तूट राहिली. ती कुठून आली हे मी कुणाला विचारलं नाही.

होळी झाल्यावर पिंजारी परत आला. निकाल लागला नव्हता. एका सकाळी त्याला जा म्हणून सांगितलं आणि तो चालत आला. वाळला होता. हवालातीबद्दल तो एकदाच बोलला, म्हणाला की वकिलानं हिशेब सांगितला होता, चोरीचा माल घरात निघाल्याबद्दल फार तर तीन महिने झाले असते. तो हिशेब खरा होता का, मला ठाऊक नाही. मी दुसऱ्या एका वकिलाला विचारलं तर तो वर्ष म्हणाला.

पुढच्या साली घाटात पुन्हा काही झालं आणि पुन्हा माणसं आली. अमीन नवे होते, फौजेची माणसंही होती. एकदा झडती झालेलं घर म्हणून पिंजाऱ्याचं घर या वेळी पहिलं घेतलं. पाटलानं मलाच बोलावलं. नव्या अमीनसाहेबांना नियम ठाऊक होता. सांगण्याआधीच त्यांनी स्वतः हात वर केले आणि त्यांच्यामागे पोलिसांनी केले. फौजेची माणसं हात खाली ठेवून उभी होती.

पिंजारी माझ्याजवळ आला.

"दादा, ह्या खेपेला कुनालाच हात लावू नगा," तो हळू म्हणाला. "तुमी लावला की कोन कुनाचा ते ठरवीत बसत्यात. निघायचं ते निघू द्या. सजा बोलली म्हंजी दिस तरी मोजता येत्यात."

त्याच्या आवाजात राग नव्हता. नियम त्याच्यासाठी आहे, हे त्याला सांगावं असं मनात आलं, पण ते त्याला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. अमीनसाहेब हात वर धरून वाट पाहत होते.

मी त्यांना म्हणालो, खाली घ्या हात. ते जरा चकित झाले, मग आत गेले. मागोमाग सगळेच गेले. मी तेल्याशेजारी ओट्यावर बसलो. आत कोण गेले, किती गेले ते पाहिलं नाही.

त्या दिवशी काही निघालं नाही, म्हणून कागद झाला नाही आणि माझी सहीही लागली नाही. माणसं पुढच्या घराकडे गेल्यावर पिंजारी आमच्या दारात आला आणि याही खेपेला आमच्याकडे येऊन बसलेल्या आपल्या बायकोला त्यानं घरी चल म्हणून हाक मारली.