विहीणबाईंचं पायडल

आजवर मी पुष्कळ विहिणी पाहिल्या. साडीच्या काठावरून रुसलेल्या पाहिल्या, पंगतीत आधी ताट कुणापुढं आलं यावरून बारशापर्यंत अबोला धरलेल्या पाहिल्या. पण ब्रेकच्या पायडलावरून स्वतःच्याच मुलाची वरात अडवून धरणारी विहीण या पृथ्वीतलावर एकच जन्माला आली, आणि ती नेमकी माझ्या लेकीची सासू झाली. लग्न लागलं होतं, मंडपाबाहेर फुलांनी मढवलेली भाड्याची गाडी उभी होती, लेक-जावई आत बसलेले, मी पदरानं डोळे पुसतेय, आणि ड्रायव्हरनं चावी फिरवली तोच विहीणबाई पैठणी सावरत गाडीपुढं आडव्या उभ्या राहिल्या. "बंद कर," म्हणाल्या. "आता चार-पाच वेळा ब्रेक दाब. दगडावानी कडक झाला? पाय तसाच ठेव. आता चालू कर. पायडल खाली उतरलं का?" ड्रायव्हर घामाघूम. "मावशी, मुहूर्त चाललाय," तो म्हणाला. "मुहूर्ताला ब्रेक नसला तरी चालतंय, गाडीला लागतो. उतरलं का सांग." उतरलं. तेव्हा कुठं माझी लेक सासरी गेली. पाहुण्यांत कुजबुज झाली, की बाई जरा चक्रमच दिसते. मला मात्र रडता रडता हसू आलं. म्हटलं, पोर चांगल्या ठिकाणी पडली.

खरं म्हणजे बाईंचं पाणी मला मुलगी बघण्याच्या दिवशीच कळायला हवं होतं. आमचं घर बारामतीत, त्यांचं अंथुर्ण्याला. आल्या त्या स्वतः जुनी डिझेल जीप चालवत, मुलगा शेजारी बसवून. आम्ही घरात पोहे परतून, सतरंजी झटकून वाट बघतोय आणि पाहुण्याबाई दारातच थांबलेल्या. का, तर आमच्या ह्यांनी नुकतीच आमची जुनी पेट्रोल गाडी अंगणात आणून उभी केली होती आणि तिचं इंजिन अजून चालू होतं. "ह्यो सुस्कारा कुठनं येतोय?" बाईंनी विचारलं. आम्हाला कुणालाच सुस्कारा ऐकू येत नव्हता. बाईंनी बॉनेट उघडलं, कान लावला, आणि आतूनच ओरडल्या, "बॅटरी आणा कुणीतरी!" माझी लेक नव्या साडीत उजेडाची बॅटरी घेऊन धावली. पंधरा मिनिटं दोघी बॉनेटखाली. इंजिनाला जोडलेली बोटाएवढी रबरी नळी टोकाला चिरली होती, ती बाईंनी विळीनं चिरलेल्या जागेपुरती कापली आणि परत दाबून बसवली. उभ्या जागी घुटमळणारी आमची गाडी एकदम शहाण्यासारखी गुणगुणायला लागली. हात धुताना बाई म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय. पंधरा मिन्टं बॅटरी धरली, पण हात हलला न्हाय पोरीचा." तिला स्वयंपाक येतो का, शिक्षण किती, रंग कसा, यातलं अवाक्षर त्यांनी विचारलं नाही. पोहे मात्र दोनदा घेतले.

आता हे सगळं प्रकरण ज्या व्हॅक्यूमवर उभं आहे, ते म्हणजे काय, हे मी साठीच्या उंबरठ्यावर विहीणबाईंच्या गोठ्यात शिकले. मी काही शिकलेली बाई नव्हे. सातवीनंतर जे काय वाचलं ते पुड्यांचे कागद आणि वाचनालयातली पुस्तकं. पण बाईंनी दूध काढायच्या मशीनची कपं गाईच्या सडांना लावून दाखवली आणि विचारलं, "ही चिकटून कशानं ऱ्हायली? कुणी बांधली का? आतली हवा पंपानं काढून घेतली, म्हणून. गाडीच्या ब्रेकलाबी असलंच हाय." म्हणे ब्रेकच्या मागं भाकरीच्या दुरडीएवढा पत्र्याचा डबा असतो, त्यातली हवा काढून घेतलेली असते, आणि आपण पाय दाबला की ती पोकळी आपल्या जोडीनं दाबते. म्हणून एवढी जड गाडी बाईमाणसाच्या पायानं थांबते. इंजिन बंद करून चार-पाचदा दाबलं की पोकळी संपते आणि पायडल कडक होतं; चालू केल्यावर ते पायाखाली उतरलं, म्हणजे पोकळी परत आली. पेट्रोलचं इंजिन स्वतः हवा ओढतानाच ही पोकळी तयार करतं. डिझेलच्या इंजिनाला ते जमत नाही, म्हणून त्याला वेगळा पंप जोडावा लागतो. बाईंच्या जीपचा पंप अल्टरनेटरच्या, म्हणजे गाडीची वीज बनवणाऱ्या यंत्राच्या, पाठीवर बसवलेला, इंजिनाच्याच ऑईलवर चालणारा. त्यामुळं ऑईलची त्यांना इतकी काळजी, की मी पाकाचीही कधी एवढी घेतली नाही. जेवायला बसायच्या आधी बाई ऑईलची पट्टी उपसणार, थेंब दोन बोटांत घेऊन एकतारी पाक बघावा तसा चोळून बघणार. "डिझेलचं ऑईल काळं व्हनारच. काळ्याला भिऊ नका. बोटात कचकच लागली तर भ्या," हा त्यांचा उपदेश. एकदा हळदीकुंकवाला मी त्यांच्या बोटाला हळद लावायला गेले, तर बोट आधीच काळं. "लावा वरनं," म्हणाल्या, "दोन्ही शुभच हाय."

गाडी त्या शिकल्या पंचेचाळिशीत. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे व्याही, जीपमधून दुधाचे कॅन संकलन केंद्रावर पोचवायचे. त्यांची नजर हळूहळू गेली आणि दूध तर रोज निघायचंच. तेव्हा ते शेजारच्या सीटवर बसले आणि बायकोला स्टिअरिंगवर बसवलं. गावानं तोंडात बोटं घातली. कुणी म्हणालं, आंधळा शिकवतोय आणि बाई चालवतीय, कॅनालात जातील दोघं. गेले नाहीत. व्याह्यांना रस्ता दिसत नव्हता, पण रोज सकाळी गाडी सुरू करताना ते एकच विचारायचे, "उतरलं का?" आणि बाई म्हणायच्या, "उतरलं." मगच गाडी दारातून हलायची. व्याही जाऊन आता सात-आठ वर्षं झाली, आमच्या सोयरिकीच्याही आधी; बाईंनी गजरा सोडला नाही, की हळदीकुंकू. प्रश्न राहिला. तो बाई आता अख्ख्या तालुक्याला विचारतात. टेम्पोवाल्याला विचारतात, शाळेच्या गाडीवाल्याला विचारतात, आणि एकदा तर ताप आलेला असताना ज्या गाडीतून दवाखान्यात नेलं, त्या गाडीच्या ड्रायव्हरला स्ट्रेचरवरून विचारलं.

आमच्या ह्यांचं आणि बाईंचं एकदाच वाजलं, तेही याच पायी. आम्ही तिघं सुप्याकडं एका लग्नाला निघालो होतो, आमचे हे जीप चालवत होते. कॅनालच्या पुलाचा उतार लागला आणि ह्यांनी पिढीजात हुशारी केली. गाडी न्यूट्रल केली, इंजिन बंद केलं, डिझेल वाचलं म्हणून मिशीवर हात फिरवला. समोर उसाची ट्रॉली. पहिला ब्रेक लागला, दुसरा लागला, तिसऱ्यांदा पाय दाबला तर पायडल जात्याच्या तळीसारखं घट्ट. मागच्या सीटवरून बाई दोन सीटच्या मधून अशा झेपावल्या, की त्यांच्या अंबाड्यातला गजरा माझ्या मांडीवर पडला, आणि हँडब्रेक खेचला. ट्रॉलीच्या उसाची पानं आमच्या काचेला लागली. बाईंनी माझ्या मांडीवरचा गजरा उचलला. मग म्हणाल्या, "व्याही, इंजिन बंद म्हंजी पंप बंद. त्या डब्यात दोन दाबांची शिल्लक असती. तिसऱ्याला देवसुदिक पाय लावत न्हाय." आमचे हे त्या लग्नात जेवले नाहीत. उतारावर गाडी बंद करणं मात्र त्या दिवसापासून बंद झालं.

आणि मग जावईबापूंनी ती चूक केली. जीपची मुदत संपत आली होती, पुन्हा पासिंग करायला हवं होतं. ते म्हणाले, "आई, आता भंगारात देऊ. मी नवी गाडी घेतोय. तुला कुठं जायचं तितं मी सोडीन." मी त्या वेळी ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "सोडीन? मी काय पार्सल हाय का, सोडायला?" जावईबापू समजूतदार माणूस. "तसं न्हाय गं आई, तुझं वय..." "वय माझं झालंय, ब्रेकचं न्हाय. आन् माझं झालं तर मलाबी भंगारात दे." शेवटी पैजेवर आलं. एजंट नको, कुणाची ओळख नको. गाडी आरटीओच्या साहेबापुढं उभी करायची, त्यांनी ब्रेक बघायचा. पास झाली तर पुन्हा भंगार हा शब्द घरात काढायचा नाही. नापास झाली तर बाई स्वतः जीप चालवत भंगारवाल्याकडं नेऊन देणार आणि परत येताना एसटीनं येणार. मला साक्षीदार केलं. मी दोन्हीकडची, पण मनातून कुणाच्या बाजूची होते हे सांगायला नको.

तारखेच्या दोन दिवस आधी जीपचं पायडल दगड झालं. इंजिन चालू असताना! गॅरेजवाला आला, त्यानं बाहेरूनच बघितलं आणि मान हलवली. "पंप गेला, काकू. ह्या मॉडेलचा आता मिळायचा न्हाय." जावईबापूंनी एकही फुरका न मारता चहा घेतला, त्यातच सगळं आलं. बाई गोठ्यात जाऊन दूध काढायच्या मशीनपुढं बसून राहिल्या. मशीनवर घड्याळासारखी एक चकती असते, पोकळी किती झाली ते काट्यानं दाखवणारी. बाई त्या काट्याकडं बघत होत्या, आणि बघता बघता ताडकन उठल्या. "विहीणबाई, पान्हा आणा!"

गाईंचं दूध काढून होताच बाईंनी ती चकती मशीनवरून उतरवली, दोन बोटं लांबीची रबरी नळी जोडून जीपच्या पंपाच्या तोंडाला लावली आणि मला म्हणाल्या, "चालू करा." मी आयुष्यात पहिल्यांदा गाडीची चावी फिरवली. काटा सरसर वर चढला. "बघा! पंप जित्ता हाय माझा!" मग तीच चकती ब्रेकच्या डब्याकडं जाणाऱ्या पाइपाच्या दुसऱ्या टोकाला लावली. काटा जागचा हलेना. म्हणजे पंप हवा ओढतोय आणि वाटेत पाइप बाहेरची हवा आत घेतोय. क्लिपच्या आत, नजरेला दिसणार नाही अशा जागी, पाइप चिरला होता. एवढ्यासाठी गाडी भंगारात निघाली होती! बाईंनी मशीनची जाड रबरी नळी तात्पुरती बसवली, पायडल तपासलं, आणि आम्ही बारामतीला जाऊन त्याच मापाचा नवा पाइप आणला. "पाण्याची नळी चालणार न्हाय का?" मी विचारलं. "ती चपटी व्हईल. हवा काढली की जिनं अंग चोरलं ती नळी काय कामाची?"

पासिंगच्या दिवशी साहेब जावईबापूंकडं बघून म्हणाले, "घ्या, चालवा." बाई आधीच स्टिअरिंगवर होत्या. साहेब शेजारी बसले, मी आणि जावईबापू बाहेर. बाईंनी गाडी मैदानाच्या टोकाला नेली, वळवली, वेगात आणली, आणि साहेबांनी हात वर करताच अशी थांबवली, की साहेबांची फाइल समोरच्या काचेवर आणि टोपी पायाशी. धूळ खाली बसल्यावर साहेबांनी टोपी उचलली, झटकली. "काकू, मेकॅनिक कोण तुमचा?" "दोन गाई हायत अन् ह्या आमच्या विहीणबाई." साहेब बराच वेळ माझ्याकडं बघत होते. पण सही केली. परतीच्या वाटेवर जावईबापू मागच्या सीटवर कागद सांभाळत बसले होते, आणि बाई पंचवीस किलोमीटर गुणगुणत होत्या.

याला तीन वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर बाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता गाडी नाही. मला वाटलं, ही बाई काही ऐकणार नाही. पण चार दिवसांनी मला त्यांचा फोन आला. "विहीणबाई, अंथुर्ण्याला या. पाय पाहिजे तुमचा."

जीप गोठ्याशेजारी उभी होती, पुसून लख्ख केलेली. मला त्यांनी स्टिअरिंगवर बसवलं. मी म्हणाले, "अहो, माझं वय बघा." "मी बगितलंय. ब्रेकनं न्हाय बगितलं." काठी टेकत टेकत त्या दुसऱ्या बाजूनं आल्या, दार उघडून शेजारच्या सीटवर बसल्या. त्या सीटवर मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. ती सीट व्याह्यांची होती. मी पाच वेळा पायडल दाबलं. कडक झालं. पाय तसाच ठेवून चावी फिरवली. जीप खोकली, मग धडधडायला लागली, आणि माझ्या पायाखाली ते पायडल हळूच, कुणी उसासा टाकावा तसं, खाली गेलं.

बाईंनी डोळे मिटले होते. पुढचा रस्ता त्यांना बघायचाच नव्हता.

"उतरलं का?" त्यांनी विचारलं.

"उतरलं," मी म्हणाले.