खाऱ्या पाण्यावरचा आळ

अंघोळीनंतर दहा मिनिटांत माझ्या मानेवर, पाठीवर आणि हातांवर टाचणीच्या डोक्याएवढ्या गांध्या उठत आणि तासाभरात नाहीशा होत. आमचे गाव अकोल्याच्या खारपाण पट्ट्यातले. केस गळोत की पोट बिघडो, दोष पाण्याच्या खारटपणाचाच. आईचे निदान तयार होते. "बोअरच्या पाण्यानं होऊन राहिलं तुले. अमरावतीले गेली का बरं वाटन."

सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला अमरावतीला आले. पाणी गोडे होते, गांध्या त्याच. तरीही आईचेच गृहीतक मी प्रयोगशाळेत नेले. वसतिगृहाचे आणि घरचे नमुने घेऊन क्षार, क्लोरीन, कठीणपणा यांचा दोन महिने तक्ता भरत राहिले. त्वचा तपासायचे सुचलेच नाही. दरम्यान विभागात संशोधनाची जागा निघाली. मला ती हवी होती. पण काम दिवसभर पाण्यातले होते आणि दुखणे न कळता अर्ज करणे मला अप्रामाणिक वाटत होते.

म्हणून शेवटी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी माझा तक्ता शेवटपर्यंत वाचला. "पाण्याची तब्येत छान आहे," त्या म्हणाल्या. "आता तुमची बघू."

अधूनमधून घेत असलेली ॲलर्जीची गोळी त्यांच्या सांगण्यावरून आठवडाभर बंद ठेवून मी चाचणीसाठी पुन्हा गेले. थंडीने किंवा अंग तापल्याने होते का, हे आधी पाहिले: बर्फाने काही उठले नाही, व्यायामानेही नाही. मग अंगाइतक्या कोमट ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेली कापडाची घडी पाठीवर वीस मिनिटे ठेवली. काढली तेव्हा नेमक्या तेवढ्याच चौकोनात गांध्या होत्या. त्या पाण्यात क्षार नव्हते, क्लोरीनही नव्हते.

संध्याकाळी घरी फोन केला.

"साध्या पाण्याची ॲलर्जी? मंग तू पाणी पेते कशी?"

"पेलं तर काही होत नाही, आई."

"मंग डॉक्टर बदल."

डॉक्टर बदलला नाही. रोज गोळी, अंघोळीआधी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, चार मिनिटांत अंघोळ, घाम लगेच टिपणे. तीन आठवड्यांत गांध्या कमी झाल्या. गेल्या नाहीत, आणि त्या जातील असे बाईंनी सांगितलेही नव्हते.

अर्जातल्या 'व्याधी' या रकान्यात मी निदान लिहिले. मार्गदर्शक सरांनी ते दोनदा वाचले.

"तळहाताला होतं?"

"नाही सर. मनगटाच्या वर."

"मग लांब हातमोजे मागवू. सोमवारी दहाला या."