न कापलेला दोरा

रविवार, १४ नोव्हेंबर २००४, अमेरिकेतलं स्टेट कॉलेज गाव. आमच्या स्वयंपाकघरात हजर: मिलिंद, त्याचा रूममेट केदार, खालच्या मजल्यावरची शलाका आणि मी. टेबलावर मण्यांचा डबा, दोऱ्याचं रीळ, कात्री, छोटी कार्डं आणि अक्षरं लिहिलेली लांब कागदी पट्टी. मिलिंदची तोंडी परीक्षा गुरुवारी.

"चहात साखर घालू?" मी विचारलं.

"काकू, साखर म्हणजे तसं बघितलं तर..." असं म्हणत मिलिंद यीस्टपर्यंत पोचला.

"अरे यार, हो की नाही ते सांग," केदार म्हणाला. "चहा गार झाला."

हेच मिलिंदच्या मुळावर आलं होतं. मी त्याच्याच विभागाच्या ऑफिसात परीक्षांच्या खोल्या आणि वेळा लावते, म्हणून त्याने मला सगळं सांगितलं होतं. पहिल्या वेळी उत्तरं बरोबर होती, पण तो थांबेना. बोलत बोलत स्वतःला न येणाऱ्या गोष्टीपर्यंत जायचा आणि प्राध्यापक नेमकं तेच विचारायचे. नापास. आता ही शेवटची संधी. हुकली तर पीएचडी गेली, व्हिसा गेला.

"नागपूरला विहारात सत्कार झालाय माझा," तो म्हणाला. "डॉक्टर होऊनच येतो असं माइकवर बोलून आलोय. आईला पहिल्या वेळचं माहीतच नाही."

म्हणून ही तालीम. पेशी प्रथिन कसं बनवते, ते त्याने आम्हाला करायला लावायचं. केदार झाला रायबोसोम, म्हणजे मणी ओवणारं यंत्र. पट्टीवरची तीन अक्षरं तो वाचायचा. त्या तिन्हींना जुळणारं कार्ड आणि त्याचा ठरलेला मणी शलाका आणून द्यायची. मणी ओवला की पट्टी तीन अक्षरं पुढे.

"पण मी बनवतोय काय?" केदारने विचारलं.

"ते रायबोसोमला माहीत नसतं. तू फक्त पुढची तीन बघ."

'पुढची तीन बघ' हे मिलिंदचं नेहमीचं. बर्फात बस चुकली, प्रयोग फसला, घरून फोन आला, की स्वतःशी तेच पुटपुटायचा.

"शेवटी अशी तीन अक्षरं येतात की त्यांचं कार्डच नसतं," तो मला म्हणाला. "तिथे तुम्ही यायचं, काकू. मणी आणायचा नाही. फक्त माळ कापून मोकळी करायची."

"म्हणजे काही न आणता थांबवायचं. हे तुला कळतं, मग परीक्षेत काय होतं?"

तो कसनुसा हसला. मी कात्री उचलली, तर त्याने दोऱ्यावर हात ठेवला. "आज नको. पास झाल्यावर कापू."

गुरुवारी मी परीक्षेच्या खोलीबाहेर उगाच एक फाइल घेऊन बसले होते. एकच पान पुन्हा पुन्हा वाचत होते. दार उघडलं. आत विचारविनिमय चालू, म्हणून मिलिंदला बाहेर पाठवलेलं. चेहरा पांढराफटक.

"शेवटी विचारलं, एनिथिंग एल्स?"

"मग?"

"नो म्हणालो."

"आणि?"

"आणि काही नाही. थांबलो. सगळे माझ्याकडे बघत बसले. काकू, चुकलं का हो?"

मी फाइल मिटली. तो भिंतीकडे तोंड करून पुटपुटत राहिला. मग दार उघडलं आणि त्याचे गाइड हात पुढे करूनच बाहेर आले.

शुक्रवारी मिलिंद जेवायला आला. मी कात्री काढून ठेवली होती. "राहू द्या, थिसिस झाल्यावर," तो म्हणाला. थिसिस झाला. "नोकरी लागल्यावर." नोकरी लागली, तो प्लेनोला राहायला गेला. परवाच फोन आला होता. आईची तब्येत, हायवेवरची गर्दी, प्लेनोचा उन्हाळा, सगळं सांगून झालं. मी दोऱ्याची आठवण करून दिली.

"ग्रीन कार्ड आलं ना काकू, की येतोच," तो म्हणाला आणि कुठला फॉर्म कुठे अडलाय ते सांगू लागला.

माळ माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, रिळाला जोडलेली. शेजारी कात्री. कापायची राहिली आहे.