भाभी उभ्या राहिल्या

अल्पसंख्याकांचे हक्क हा विषय मी पुण्यात बरीच वर्षं शिकवतो. राहू हे माझं गाव. गावचा कारभार हाकणाऱ्या आप्पांना माझ्या या नोकरीचं भारी नवल. "प्रोफेसर, आपल्यात कुठं हाय रं कोण अल्पसंख्याक? समदी आपलीच की," असं ते दर ईदला आमच्या ओसरीत शिरखुर्मा ओरपत सांगतात आणि मी मान डोलावतो. वर्गात मात्र याच वाक्यावर मी तासच्या तास घेतो.

ग्रामपंचायतीची निवडणूक आप्पा मंदिराच्या सभामंडपात बसून बिनविरोध उरकतात. त्यात एक जागा आमच्या घराला ठरलेली: आधी अब्बा, मग भाई. यंदा आमच्या वॉर्डातली जागा महिलांसाठी राखीव निघाली. आप्पांनी ती आपल्या सुनेला देऊन टाकली आणि माझ्या भाभींनी कुणालाही न विचारता फॉर्म भरला.

आप्पांनी फोन करून मला बोलावून घेतलं. "तू शिकल्याला माणूस. समजाव तिला. फॉर्म माघारी घे म्हणावं. फुडच्या टायमाला तुमच्या घरची जागा फिक्स."

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. निकाल लागला की मी पुण्याला. भाभींना मात्र त्याच गावात दळण आणायचं, दूध घालायचं. आप्पांसमोर मी घसा साफ करून सलोखा, सहमती, दूरचा विचार असं सुरू केलं. भाभींनी चहाचा कप माझ्या हातात दिला. "गार व्हतोय, घ्या," म्हणाल्या आणि आप्पांकडे वळल्या.

"आप्पा, तुम्ही दिलेलं लई घेतलं आम्ही. यंदा मागून बघते."

फॉर्म राहिला. डोक्यावरचा पदर सावरत भाभी वस्त्यावस्त्यांवर मतं मागत फिरल्या आणि पडल्या. चांगल्याच पडल्या.

निकालानंतर आप्पा घरी आले. आता हे ऐकवणार, असं मला वाटलं. ते खाटेवर टेकले आणि गुडघे चोळत भाभींवर डाफरले, "काय गं पोरी, तुझ्यापायी ह्या वयात घरोघर हात जोडत फिरावं लागलं मला!"

भाभी चहा ठेवायला आत गेल्या. आजवर आप्पांनी आमच्या घराला पुष्कळ दिलं होतं. आमच्यामुळे त्यांना कुणापुढे हात जोडावे लागले, ते पहिल्यांदाच. मला असा काही आनंद झाला की हसू दाबायला मीही आत पळालो. भाभी तिथे तोंडाला पदर लावून आधीच हसत होत्या.