तबकडी मास्तरांची भिंत

तबकडी मास्तर कुणाच्याही घरी गेले की आधी भिंती बघत, मग माणसं. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आई नमस्कार करून ताटकळली आणि हे ओल आलेला कोपरा न्याहाळत उभे! तेल्हाऱ्याच्या शाळेत ते चित्रकला शिकवत आणि नोकरीला नवीनच लागलेली मी मराठी. त्यांचं खरं नाव पगारापुरतंच उरलं होतं. तबकडीचं बिरूद चिकटलं ते असं.

गावाबाहेरच्या जुन्या दगडी देवळातल्या एका भिंतीवर त्यांचा जीव जडला होता. तिच्यावर काही शतकांपूर्वीचं चित्र होतं. खाली देवी बसलेली, वर आभाळात तांबूस चकती, तिच्याभोवती ज्वाळा आणि मध्ये एक चिमुकलं तोंड, एक भुवई वर केलेलं. दर रविवारी मास्तर सरकी काढलेला कापूस घेऊन जात आणि हलक्या हाताने धूळ टिपत बसत.

"मास्तर, एक नक्कल तरी करून ठेवा," मी म्हणायची.

"नक्कल कायले पायजे बाई? मूळ जित्तं हाय ना!"

जत्रेआधी देवळाला चुना द्यायची गावाची रीत. ही भिंत आडोशाची म्हणून आजवर सुटली होती, पण त्या वर्षी पंचांनी तीही धरली. मास्तरांनी हातापाया पडून पाहिलं. "पोपडे धरलेली भिंत देवाले शोभते का?" पंच म्हणाले. रशियाचा माणूस नुकताच आभाळात जाऊन आला होता, विलायतेतल्या उडत्या तबकड्यांच्या बातम्याही पेपरात येत. मास्तरांनी चकतीवर बोट ठेवलं.

"हे पाहा, उडती तबकडी! आत मानूस बसून हाय. आपल्या लोकायनं तवाच पायली, अन् तुमी तिले चुना लावून राहिले?"

पंच एकमेकांकडे बघायला लागले. भिंत वाचली.

पण जत्रेत गोष्ट फिरत फिरत भलतीच झाली. देव म्हणे याच तबकडीतून उतरले! बायांनी हळदकुंकू वाहिलं, कुणी तेल सोडलं, कुणी शेंदूर लिंपला. मास्तर खांबाशी नुसते उभे.

"अडवा ना त्यांना!" मी म्हटलं.

"कोनाले अडवू बाई? हात जोडलेल्या मानसाले?"

त्यांच्या मुठीतला कापूस तसाच होता. मला त्यांचा राग आला.

दोन-तीन जत्रांत चित्र पार बुजलं. मास्तर निवृत्त होऊन अकोल्याला मुलाकडे निघाले. एस.टी. स्टँडवर मी विचारलं, "खरंच तबकडी होती का हो?"

"कायची तबकडी! सूर्यनारायन होता. जुने लोक त्याले तोंड काढत. पन सूर्य म्हनलं असतं तं चुना थांबला असता का?" गाडीत चढता चढता ते वळले. "तुमी पायलं ना ते तोंड? मंग झालं."

मास्तर वारले त्यालाही आता कित्येक वर्षं झाली. भिंतीवर शेंदराचा जाड थर आहे, लोक तिथे नवस बोलतात. ती वर केलेली भुवई मला अजून जशीच्या तशी दिसते. आणि मला साधं आंब्याचं चित्रसुद्धा काढता येत नाही.