नॅनीची गायची रीत

पापाकुऱ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या नॅनीला, म्हणजे साऱ्या गल्लीच्या माओरी आजीला, कुठलंही भाषण गाण्याशिवाय संपलेलं चालत नसे. कुणी चार शब्द बोललं, की त्याच्या माणसांनी मागे उभं राहून गायचं, ही तिच्या माओरी लोकांची रीत. २०१३ साली माझ्या वाढदिवसाला मी नुसते आभार मानले, तर ही बाई भज्यांची बशी खाली ठेवून उठली, सबंध गाणं म्हणाली आणि मगच पुन्हा भज्यांकडे वळली.

पुढे तिने आमच्या मराठी मंडळाला मराएवर, म्हणजे तिच्या कुळाच्या सभास्थानी, बोलावलं. ‘यांना रीत कळते’ असा शब्द तिने वडीलधाऱ्यांना दिला होता. अध्यक्षांचं भाषण एकदाचं संपलं. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या अल्बनीहून खास आणलेल्या बापटबुवांनी पेटी पुढे ओढली, डोळे मिटून आलाप सुरू केला आणि आम्ही सगळे आरामात ऐकत बसलो. कुणी माना डोलावत होतं, कुणी मोबाइलवर रेकॉर्ड करत होतं. नॅनी यजमानांच्या रांगेतून उठून तरातरा आमच्याकडे आली.

“हा एकटाच का गातोय? तुमचं भांडण झालंय का याच्याशी?”

मग चहाच्या वेळी तिने सांगितलं. लहानपणी शाळेत माओरी शब्द तोंडातून निघाला की छडी बसे. गाण्याला मात्र मास्तर हरकत घेत नसत, त्यांना ती करमणूक वाटे. हातच्या गेलेल्या जमिनींची, नद्यांची नावं पोरांनी गाण्यातच पाठ ठेवली.

“तुमचा हा गातो छान,” ती म्हणाली. “पण हा मेला की तुमचं गाणंही मेलं, त्याचं काय?”

बापटबुवा शेजारीच बिस्किट खात होते.

काही वर्षांनी, एका हिवाळ्यात नॅनी गेली. तिच्या लोकांत मेलेल्या माणसाशी थेट बोलतात, म्हणून मी उघड्या शवपेटीपाशी उभा राहून तिच्याशीच बोललो. दोन वाक्यं बोलून मी मागे आमच्या मंडळींकडे पाहिलं. आता आम्ही गायला हवं होतं. सगळ्यांना शेवटपर्यंत पाठ असं काय आहे, यावर कुजबुज झाली आणि उत्तर एकच निघालं, गणपतीची आरती. मयताला कुणी आरती म्हणतं का, असं बुवा विचारेपर्यंत मागून टाळी सुरूही झाली होती. सूर चार लागले, लय दर कडव्याला पळत सुटली. तिच्या घरचे रडता रडता हसले आणि टाळ्या वाजवू लागले. बुवा पेटीविना मागच्या रांगेत उभे राहिले आणि आमच्या बेसुरात बेसूर मिसळून मोठ्याने गायले.

मला नॅनीचा रागच आला. एवढं ऐकायला तरी तिने थांबायला हवं होतं.