रॉकेलात धुतलेले वॉशर

आपल्या हातून झालेली चूक आता दुसऱ्याच्या जिवावर बेतणार, हे कळल्यावर तुम्ही किती वेळ गप्प बसाल? मी तासभर बसलो.

दुसरं महायुद्ध संपलं होतं. गोरे अधिकारी सामानसुमान विकून नगर सोडत होते. अशाच एकाची जुनी, दोन माणसांची रेसची गाडी एका वकिलांनी घेतली होती. मी माळीवाड्यात गॅरेजात कामाला होतो. मालक म्हातारे मिस्त्री, सगळे त्यांना चाचा म्हणत. आठवड्यापूर्वी त्या गाडीचं ब्रेक ऑईल गळत होतं म्हणून मी एकट्यानंच ब्रेकचा सिलिंडर खोलला. आमची सवय मालट्रकांची. त्यांचे ब्रेक सळयांवर चालत, त्यामुळे जे खोलू ते रॉकेलच्या डब्यात टाकायची आमची रीत. या गाडीचा ब्रेक तेलाच्या दाबावर चाले. त्यातले रबरी वॉशरही मी रात्रभर रॉकेलात ठेवले. सकाळी ते जरा फुगलेले वाटले. अंगठ्यानं दाबून बसवले.

"मिस्त्री, परवा करंजीच्या घाटात पुढचं चाक धरलं," गाडी घेऊन परत आलेले वकील सांगत होते. "धूर निघाला. गार झाल्यावर सुटलं." शेजारी त्यांची सहा वर्षांची मुलगी बसली होती. दोघांना आज त्याच घाटानं तिसगावला जायचं होतं.

चाचांनी जॅक लावला, पॅडल दाबून सोडलं. चाक फिरेना. चाकामागचा छोटा स्क्रू त्यांनी सैल केला. ऑईलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं.

"म्हंजे दाब आत कोंडतोय. तेल माघारी जात न्हाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय रं, वॉशर कशात धुतलं हुतं?"

"स्पिरिटात."

त्यांनी विश्वास ठेवला. पॅडलचा दांडा ताणला असेल म्हणून तो सैल करत बसले. उतारावर ब्रेक तापणार, फुगलेलं रबर पुन्हा तेलाची वाट अडवणार, एकच चाक धरणार आणि गाडी दरीकडे वळणार. सगळं दिसत होतं, तरी मी चाचांच्या हातात पाने देत राहिलो. लहानपणापासून सत्याग्रहाची पत्रकं वाचलेला मी, कालच चौकात इंग्रज सरकारला खोटारडं म्हणून आलो होतो.

इंजिन सुरू झालं. मुलगी म्हणाली, "बाबा, आज धूर नाही ना निघणार?"

"नाही गं. चाचांनी पाहिलंय."

मी बॉनेटवर आडवा पडलो. "चाचा, रॉकेल! रॉकेलात धुतलं मी!"

चाचांनी इंजिन बंद करायला लावलं. सिलिंडर खोलला. वॉशर ओढून काढावा लागला, भिजलेल्या वालासारखा टम्म.

"इंग्रजाला जाब इचारतोस अन् म्हाताऱ्याला थापा मारतोस व्हय रं?"

वकील मुलीला कडेवर घेऊन प्रवासी सर्व्हिस मोटारीच्या अड्ड्याकडे चालू लागले. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. मी उरलेले वॉशर काढायला बसलो.

तुम्ही घाईनं दाबून बसवलेलं काही आज कुणी विश्वासानं वापरत असेल, तर हा कागद इथंच ठेवा आणि आधी त्याला जाऊन सांगा.